फ्लॅशमध्ये कुठले सेल घालावेत: पांढरे एनेलूप, काळे एनेलूप आणि बाकीचे

ज्यांना फक्त निकाल हवा आहे त्यांच्यासाठी तो आधीच सांगतो. तुमच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश चार पेन्सिल सेलवर, म्हणजे डबल ए सेलवर चालत असेल तर पॅनासॉनिकचे पांढरे एनेलूप हे रिचार्जेबल सेल घ्या. घेताना आठ किंवा बारा घ्या आणि त्यांच्यासोबत प्रत्येक सेल वेगवेगळा चार्ज करणारा चार्जर घ्या. काळे एनेलूप प्रो महाग आहेत आणि त्यांच्यावरचा क्षमतेचा आकडाही मोठा आहे, तरी फ्लॅशसाठी माझी पहिली पसंती पांढऱ्यांनाच. यूएसबीची केबल थेट सेललाच लागते ते दीड व्होल्टचे लिथियम सेल फ्लॅशमध्ये घालू नका. आणि ज्यांच्या वेष्टनावर ३००० किंवा त्याहून मोठा आकडा छापलेला आहे असे स्वस्त सेल कशासाठीच घेऊ नका.

आता यामागची कारणं बघू, कारण ती कळली की पुढची खरेदी कुणाला न विचारता करता येते.

फ्लॅशची भूक घड्याळ किंवा रिमोटसारखी नसते. त्याच्या पोटात ३०० व्होल्टच्या वर चार्ज होणारा मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग असतो. मोठ्या स्पीडलाइटमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यावर बसवायच्या फ्लॅशमध्ये, तो १४०० मायक्रोफॅरडचा आणि ३३० व्होल्टला भरलेला धरला तर त्यात ७५ ज्यूलच्या आसपास ऊर्जा साठते. फुल पॉवरचा एक फ्लॅश उडाला की हे सगळं क्षणात रिकामं होतं आणि ते पुन्हा भरण्यासाठी सेलना ५ अँपिअरच्या वर करंट द्यावा लागतो. तोही एकदा नाही, तर मंगलाष्टकांपासून वरमाला होईपर्यंत सारखा. म्हणून फ्लॅशच्या बाबतीत सेलमध्ये किती साठलंय यापेक्षा ते किती वेगानं बाहेर येतं हे महत्त्वाचं, आणि तो वेग ठरतो सेलच्या आतल्या रोधावर, ज्याला इंटर्नल रेझिस्टन्स म्हणतात.

एक सोपा हिशेब करून बघा. नव्या अल्कलाइन सेलचा आतला रोध साधारण ०.१५ ओहम धरू. असे चार सेल एकापुढे एक लावले की ०.६ ओहम. त्यातून ५ अँपिअर ओढले तर ३ व्होल्ट आतल्या आतच खर्ची पडतात. चार अल्कलाइनचे मिळून ६ व्होल्ट, त्यातले ३ गेले, उरले ३. आता निकेल मेटल हायड्राइडचा, म्हणजे आपल्या नेहमीच्या रिचार्जेबलचा चांगला सेल घ्या. त्याचा रोध ०.०२५ ओहमच्या घरात असतो. चारांचा मिळून ०.१ ओहम, त्यामुळे ५ अँपिअरला फक्त अर्धा व्होल्ट जातो. चार सेलचे ४.८ व्होल्ट, त्यातले ४.३ फ्लॅशला मिळतात. ‘रिचार्जेबल १.२ व्होल्टचा, अल्कलाइन १.५ व्होल्टचा, म्हणून अल्कलाइन ताकदवान’ असं दुकानात अजूनही सांगितलं जातं. फ्लॅश चार्ज होत असताना नेमकं उलट घडतं. अल्कलाइन जसजसा संपतो तसा त्याचा रोध आणखी वाढतो, त्यामुळे शंभरेक फ्लॅशनंतर पुढचा फ्लॅश तयार व्हायला दहा-पंधरा सेकंद लागायला लागतात. साध्या कार्बन-झिंक सेलची गोष्ट तर सोडूनच द्या, ते भिंतीवरच्या घड्याळासाठीच ठीक.

निकॉननं एसबी-९१० या फ्लॅशसाठी दिलेले आकडे बघितले की हा फरक डोळ्यांत भरतो. अल्कलाइनवर फुल पॉवरनंतर फ्लॅश पुन्हा तयार व्हायला ४ सेकंद आणि एका संचात ११० फ्लॅश. २६०० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तास, सेलमध्ये किती साठतं याचं माप) रिचार्जेबलवर २.३ सेकंद आणि १९० फ्लॅश. अंतरपाट दूर झाल्यावर अक्षता हवेत असतात तो काळ जेमतेम दोन सेकंदांचा. तिथे ४ सेकंदांचा फ्लॅश असेल तर एक फोटो मिळतो आणि दुसरा काळोखात जातो.

आता पांढरे की काळे, याकडे येऊ.

एनेलूप हे नाव सान्योनं २००५ साली बाजारात आणलं. त्याआधीचे रिचार्जेबल सेल बॅगेत नुसते पडून महिन्याभरात पाव हिस्सा तरी रिकामे व्हायचे. रविवारी चार्ज केलेले सेल पुढच्या महिन्यातल्या लग्नात दगा द्यायचे ते त्यामुळेच. एनेलूपनं ही गळती जवळपास बंद केली. पुढे सान्यो पॅनासॉनिककडे गेली, पण जपानमधल्या ताकासाकीचा सेल बनवणारा कारखाना एफडीके या कंपनीकडे गेला. फुजित्सूच्या नावानं विकले जाणारे जपानी बनावटीचे पांढरे सेल त्याच घरातले, त्यामुळे परदेशात राहणाऱ्यांना ते स्वस्तात दिसले तर डोळे झाकून घ्यावेत.

पांढऱ्या डबल ए सेलची किमान क्षमता १९०० एमएएच, कंपनीनं दिलेलं आयुष्य २१०० चार्जचं. काळ्या प्रोची किमान क्षमता २४५० ते २५०० एमएएच, आयुष्य ५०० चार्जचं. म्हणजे एका चार्जमध्ये काळा सेल तीस टक्के जास्त देतो. पण पूर्ण आयुष्याचा गुणाकार करा: पांढरा १.९ गुणिले २१००, म्हणजे जवळपास ४००० अँपिअर-तास, काळा २.५ गुणिले ५००, म्हणजे १२५०. हे चार्जचे आकडे प्रयोगशाळेतल्या प्रमाणित चाचणीचे आहेत, फ्लॅशच्या खडतर वापरात दोन्हींपैकी कुणीच तिथपर्यंत पोहोचत नाही. तरी दोघांमधलं प्रमाण काय ते यातून समजतं.

हा फरक कुठून येतो? सेलचं पत्र्याचं डबडं तेवढंच, १४.५ मिलिमीटर व्यासाचं आणि ५० मिलिमीटर लांबीचं. त्यात जास्त क्षमता बसवायची तर सक्रिय रसायन जास्त भरावं लागतं आणि धन-ऋण पट्ट्यांमधला विभाजक पडदा पातळ करावा लागतो. पडदा पातळ झाला की गळती वाढते आणि सेल जोरात वापरला, गरम झाला की लवकर थकतो. फ्लॅश नेमकं हेच दोन्ही करतो. दुसरी अडचण मापाची. काळे सेल काही जुन्या फ्लॅशमध्ये घट्ट बसतात आणि गरम झाल्यावर काढताना नखं तुटतात. त्यासाठी सेलभोवती कापडी फीत गुंडाळून ठेवायची युक्ती चालते, पण लग्नाच्या गर्दीत ही कसरत कुणाला नकोच असते.

गोडॉक्सच्या टीटी६८५ या आपल्याकडे भरपूर चालणाऱ्या फ्लॅशचं उदाहरण घ्या. कंपनी २५०० एमएएचच्या सेलवर फुल पॉवरचे २३० फ्लॅश आणि २.६ सेकंदांचा वेळ सांगते. १९०० एमएएचच्या पांढऱ्या सेलवर त्याच हिशेबानं साधारण १७५ फ्लॅश येतात. आता प्रत्यक्षात हॉलमध्ये छतावरून किंवा भिंतीवरून फ्लॅश मारताना पॉवर पाव ते निम्मी असते. पाव पॉवरला १७५ चे ७०० होतात. एवढ्यात सकाळचे सगळे विधी उरकतात आणि पंगती बसायच्या वेळी सेल बदलायला सवड मिळतेच. काळे सेल घेऊन ही अदलाबदल अर्धा तास पुढे जाईल, त्याहून जास्त काही हाती लागत नाही. त्यापेक्षा काळ्या आठ सेलच्या पैशात पांढरे बारा घेऊन तिसरा संच खिशात असणं केव्हाही बरं.

काळ्यांना जागा आहे ती जिथे सेल बदलणं खरंच अवघड असतं तिथे. कळसाच्या दिशेनं उंच स्टँडवर चढवलेला फ्लॅश, किंवा सहा-आठ सेल घेणारी बाहेरची बॅटरी पेटी. तिथे प्रो घ्या, पण वर्षभर पडून राहणार असतील तर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पुन्हा चार्ज करायला विसरू नका.

आता त्या ३००० वाल्यांबद्दल. डबल ए आकारात निकेल मेटल हायड्राइडची खरी मर्यादा २७०० एमएएचच्या आसपास येऊन थांबते, आणि तिथवर गेलेले सेलही नुसते पडून झपाट्यानं रिकामे व्हायचे. त्यामुळे ३०००, ३३००, ३६०० हे आकडे छपाईतच असतात. ओळखायचा सोपा उपाय म्हणजे सोनाराकडे किंवा स्वयंपाकघरात असतो तसा छोटा डिजिटल काटा. पांढरा एनेलूप २६ ग्रॅमच्या आसपास भरतो, काळा ३० ग्रॅम. वीस-बावीस ग्रॅमचा सेल ३००० एमएएच देईल हे शक्य नाही, आत भरलेलंच तेवढं नाही. ऑनलाइन घेताना विक्रेता कोण आहे हे बघा, कारण एनेलूपच्याही नकला विकल्या जातात. वजन, वेष्टनाची छपाई आणि अंगावर दाबून उमटवलेला महिना-वर्षाचा ठसा हे तिन्ही तपासा. भारतात रीतसर विकल्या जाणाऱ्या रिचार्जेबल सेलवर किंवा त्यांच्या पाकिटावर आयएस १६०४६ या मानकाचा उल्लेख आणि ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो नसेल तर पाकीट परत करा.

दीड व्होल्टचे यूएसबी सेल गेल्या काही वर्षांत खूप दिसू लागलेत आणि त्यांच्याबद्दल गैरसमजही तेवढेच आहेत. आतून तो ३.७ व्होल्टचा छोटा लिथियम सेल असतो आणि वरच्या टोपीत व्होल्टेज दीडवर आणणारं इवलंसं सर्किट. हे सर्किट शेवटपर्यंत व्होल्टेज सपाट ठेवतं, म्हणून ट्रिगर (फ्लॅश दुरून उडवणारं यंत्र), मायक्रोफोन, लाइट मीटर अशा थोडा करंट घेणाऱ्या वस्तूंना ते छान लागू पडतं. फ्लॅशला मात्र ५ अँपिअरच्या वर हवेत आणि यातल्या बहुतेक सेलची मर्यादा २ ते ३ अँपिअरची. मर्यादा ओलांडली की संरक्षक सर्किट सेल बंद करतं. फ्लॅश मध्येच मेलेला दिसतो, बंद-चालू केला की पुन्हा जिवंत होतो, आणि दोष फ्लॅशला दिला जातो. शिवाय हे सेल संपताना सांगून संपत नाहीत. निकेलवाल्यांवर फ्लॅश तयार व्हायला वेळ लागू लागतो, तो इशारा समजून सेल बदलता येतात. इथे एका क्षणी सगळं ठीक, पुढच्या क्षणी काहीच नाही.

त्यांच्यावरचा आकडाही नीट वाचा. तिथे बहुधा एमएएच नसतं, मिलिवॉट-तास असतात. ३००० मिलिवॉट-तासाला दीडनं भागलं की २००० एमएएच. पांढऱ्या एनेलूपचे १९०० एमएएच गुणिले १.२, म्हणजे २२८० मिलिवॉट-तास. फरक आहे, पण पाकिटावर वाटतो तेवढा नाही.

याच्याच शेजारी एक खरा धोका आहे. १४५०० या क्रमांकाचे लिथियम सेल दिसायला अगदी डबल ए सारखे, त्याच मापाचे, पण पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्टचे. टॉर्चसाठी ते सर्रास विकले जातात. असे चार फ्लॅशमध्ये गेले तर ६ व्होल्टच्या जागी १६.८ व्होल्ट जातात आणि फ्लॅश जळतो. घरात टॉर्चचे असे सेल असतील तर त्यांचा डबा वेगळ्या रंगाचा ठेवा आणि मदतनिसाला दाखवून ठेवा. निकेल-झिंकचे सेलही याच कारणानं टाळावेत. ते चार्जरवरून काढल्यावर १.८५ व्होल्टपर्यंत असतात, चारांचे ७.४ होतात. फ्लॅश भराभर तयार होतो खरा, पण आतलं सर्किट आणि ट्यूब तेवढ्या वेगानं तापतात, आणि या सेलना चार्जरही वेगळाच लागतो. एकदाच वापरायचे लिथियम सेल हलके असतात, थंडीत चांगले चालतात, पण कॅननच्या काही स्पीडलाइटच्या पुस्तिकांत ते वापरू नका, क्वचित फार तापू शकतात, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. स्वतःच्या फ्लॅशची पुस्तिका याबाबतीत काय म्हणते ते एकदा वाचाच.

चार्जरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण चांगले सेल सर्वाधिक मरतात ते चार्जरमुळे. पाकिटासोबत येणारे स्वस्त चार्जर दोन-दोन सेलची जोडी एकत्र चार्ज करतात आणि ठरावीक तासांनी थांबतात. जोडीतला एक सेल अर्धा भरलेला आणि दुसरा रिकामा असेल तर पहिला तासन्‌तास जास्तीचं खात तापत राहतो. सहा महिन्यांत त्या दोघांची ताकद वेगवेगळी होते आणि मग फ्लॅशमध्ये खरा घोळ सुरू होतो.

चार सेल एकापुढे एक असतात. त्यातला एक दुबळा असेल तर तो आधी रिकामा होतो, पण बाकीचे तिघे त्याच्यातून करंट ढकलत राहतात. रिकाम्या सेलमधूनही करंट तसाच वाहत राहिल्यानं त्याची धन-ऋण बाजू उलटी व्हायला लागते. हे दोन-चारदा झालं की तो सेल कायमचा गेला. म्हणजे एक वाईट सेल संपूर्ण संचाची वेळ निम्मी करतो आणि स्वतःही मरतो. ‘एनेलूप एका वर्षात बाद झाले’ अशी तक्रार असते तिथे चारपैकी तीन सेल बहुतेक वेळा ठणठणीत असतात.

म्हणून चार कप्पे, चार स्वतंत्र वाहिन्या, हे चार्जरचं पहिलं लक्षण. खूण अशी की कप्प्यागणिक वेगळा दिवा असतो आणि एकटा सेल घातला तरी तो चार्ज होतो. पॅनासॉनिकचा बीक्यू-सीसी१७ असा आहे. तो सावकाश, चार सेलना सात तास घेतो, पण रात्री लावून झोपणाऱ्याला तेवढं पुरतं आणि सेल थंड राहतात. बीक्यू-सीसी५५ दोन सेल दीड तासात आणि चार सेल तीन तासांत भरतो. सकाळी साखरपुडा आणि संध्याकाळी स्वागत समारंभ असणाऱ्यांसाठी हा योग्य. बीक्यू-सीसी५१ मात्र जोडीनं आणि घड्याळावर चालणारा आहे, तो पाकिटात आयता येत असला तरी फ्लॅशच्या सेलसाठी वापरू नये.

सेल भरल्यावर व्होल्टेज किंचित खाली घसरतं, पाच-दहा मिलिव्होल्टनं, आणि चांगला चार्जर तेवढी घसरण ओळखून थांबतो. करंट फारच कमी असेल तर ही घसरण इतकी पुसट होते की चार्जरला ती दिसतच नाही. म्हणून करंट स्वतः निवडता येणारा चार्जर असेल तर पांढऱ्या सेलना २०० मिलिअँपिअरवर लावण्यापेक्षा ५०० ते १००० च्या दरम्यान ठेवा. २००० आणि त्यावर जाऊ नका, तापतात. सेल कोमट होणं साहजिक आहे. हातात धरवत नाही इतका गरम झाला तर तो सेल म्हातारा झालेला आहे किंवा चार्जर थांबायचं चुकलेला आहे. आणि मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे दुपारी बंद गाडीत किंवा मांडवाच्या कापडाखाली चार्जर लावू नका. ४० अंशांच्या वर हे सेल नीट भरत नाहीत आणि ती घसरणही ओळखता येत नाही. यजमानांकडे वातानुकूलित खोलीतला एक प्लग मागून घ्या.

दोन फ्लॅश आणि डझनभर सेल असणाऱ्यानं एक तपासणारा चार्जरही घ्यावा. ओपस बीटी-सी३१०० किंवा स्कायआरसी एमसी३००० सारखे चार्जर सेल पूर्ण रिकामा करून, पुन्हा भरून त्याची खरी क्षमता पडद्यावर दाखवतात. त्याचा उपयोग असा करायचा. नवे बारा सेल आले की आधी सगळे एकदा पूर्ण चार्ज करा. ते कारखान्यातून अर्धवट भरलेले येतात, पाकिटातून काढून थेट वापरता येतात हे खरं, पण बाराही समान पातळीवर आणल्याशिवाय संच लावू नयेत. मग ५०० मिलिअँपिअरवर क्षमता मोजा आणि आकडे लिहून काढा. चार सर्वांत जवळच्या आकड्यांचे सेल तो पहिला संच, पुढचे चार दुसरा, उरलेले तिसरा. संचातल्या सेलमधला फरक पाच टक्क्यांच्या आत असावा. न पुसणाऱ्या मार्करनं सेलवर अ१, अ२, अ३, अ४, ब१ असं लिहा, खाली खरेदीचा महिना आणि साल. यापुढे अ संच कायम एकत्र वापरायचा, एकत्र चार्ज करायचा. अ मधला एक आणि ब मधले तीन असं कधीही करायचं नाही, घाईतही नाही.

दर सहा महिन्यांनी, म्हणजे लग्नसराई सुरू होण्याआधी आणि पावसाळ्यात काम थंडावल्यावर, हीच मोजणी पुन्हा करा. १९०० चा सेल १५०० च्या खाली आला की त्याला फ्लॅशमधून काढा. तो टाकून द्यायचा नाही. ट्रिगर, रिमोट, माऊस यांत तो आणखी काही वर्षं सहज चालतो. आतला रोध दाखवणारा चार्जर असेल तर त्या आकड्याकडे जपून बघा. कप्प्याच्या स्प्रिंगचा दाब बदलला तरी तो बदलतो, म्हणून सेल जरा फिरवून तीनदा मोजा आणि त्याच चार्जरवरच्या दुसऱ्या सेलशीच तुलना करा. इतर सगळे ४० मिलिओहमवर असताना एकच ९० दाखवत असेल तर क्षमता चांगली दिसली तरी तो फ्लॅशसाठी गेला.

साध्या मल्टिमीटरनं व्होल्टेज बघून सेल किती भरलाय हे कळत नाही. चार्जरवरून काढल्या-काढल्या १.४ च्या वर असतो, थोड्याच वेळात १.३ वर येतो आणि मग जवळपास संपेपर्यंत १.२ च्या आसपासच राहतो. यामुळेच गोडॉक्सच्या एक्सप्रोसारखे दोन सेलचे ट्रिगर रिचार्जेबल घातल्यावर बॅटरीची खूण कमी दाखवू शकतात. ती खूण दीड व्होल्टच्या हिशेबानं आखलेली असेल तर घाबरून बदलायची गरज नाही. निकॉनच्या काही कॅमेऱ्यांत बॅटरी ग्रिपमध्ये कुठले सेल आहेत हे मेनूतून सांगायची सोय आहे, तिथे रिचार्जेबल निवडलं की खूण बरीच खरी दाखवते.

भरलेले आणि वापरलेले सेल गोंधळात मिसळू नयेत म्हणून चार सेलच्या प्लास्टिकच्या डब्या वापरा. भरलेल्यांची धन बाजू वर, वापरलेल्यांची ऋण बाजू वर. अंधारातही बोटानं कळतं. खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर सुटे सेल कधीच टाकू नका. रोध कमी असण्याचा गुण इथे उलटतो: नाण्यानं दोन टोकं जोडली गेली तर एवढा करंट वाहतो की कापड भाजतं.

सगळं बरोबर असूनही फ्लॅश सावकाश तयार होत असेल तर सेलच्या झाकणाकडे बघा. झाकणातली पत्र्याची पट्टी आणि आतल्या स्प्रिंगा यांच्यावर मळ किंवा हिरवट थर जमला की तिथे ०.१ ओहमची भर सहज पडते, म्हणजे चार चांगल्या सेलच्या रोधाएवढी. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात हे हमखास होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा, त्यानं न निघाल्यास साध्या खोडरबरनं घासा आणि कण झटकून टाका. सँडपेपर नको, वरचा मुलामा निघून जातो. अल्कलाइन सेल फुटून पांढरी भुकटी पसरली असेल तर ती क्षारयुक्त असते. व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाच्या एखाद्या थेंबानं ती निष्प्रभ होते, मग अल्कोहोलनं पुसून पूर्ण कोरडं करा. आणि काम संपल्यावर फ्लॅश-ट्रिगरमधून सेल काढून ठेवायची सवय कायमची लावून घ्या, सेल कुठलाही असो.

फ्लॅश भराभर तयार होतो म्हणजे भराभर उडवता येतो असं नाही. टीटी६८५ च्या पुस्तिकेत फुल पॉवरचे लागोपाठ ३० फ्लॅश झाले की किमान दहा मिनिटं विश्रांती द्या असं म्हटलंय. चांगले सेल घातल्यावर ही मर्यादा पूर्वीपेक्षा लवकर गाठली जाते, म्हणून निम्म्या पॉवरवर काम करून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, एक पायरी चढवणं शहाणपणाचं.

नवा फ्लॅशच घ्यायचा असेल तर प्रश्न वेगळा. गोडॉक्स व्ही१ किंवा व्ही८६०-३ सारख्या फ्लॅशमध्ये व्हीबी२६ ही ७.२ व्होल्टची लिथियम बॅटरी येते. फुल पॉवरचे ४८० फ्लॅश, १.५ सेकंदात तयार. लग्नाचं काम नियमित करणाऱ्यानं आज नवा घेताना हाच प्रकार घ्यावा, यात मला शंका नाही. फक्त दुसरी बॅटरी त्याच दिवशी घ्या, कारण ती तालुक्याच्या गावात आयत्या वेळी मिळत नाही आणि पेन्सिल सेल मात्र किराणा दुकानातही मिळतो.

कॅमेऱ्याच्या स्वतःच्या बॅटरीबद्दल थोडक्यात. मूळ कंपनीची एक आणि बाहेरच्या नावाजलेल्या कंपनीच्या एक-दोन, असा मेळ बहुतेकांना पुरतो. पण नाव सारखं असलं तरी शेवटचं अक्षर बघा. निकॉनच्या ईएन-ईएल१५ आणि १५ए झेड ६, झेड ७ मध्ये बसतात, पण कॅमेऱ्यातच यूएसबीनं चार्ज होत नाहीत, त्यासाठी १५बी किंवा १५सी हवी. कॅननच्या आर५ मार्क २ सोबत एलपी-ई६पी येते. जुनी एलपी-ई६एनएच त्यात चालते, पण काही सोयी बंद पडतात. जुन्या बॅटरींचा साठा आहे म्हणून नवा कॅमेरा घेणाऱ्यांनी हे आधी तपासावं. दीर्घकाळ ठेवायच्या असतील तर लिथियम बॅटरी निम्म्या भरून ठेवा, पूर्ण भरून नको.

व्हिडिओच्या एलईडी लाइटला लागणाऱ्या एनपी-एफ९७० प्रकारच्या बॅटरीतही वजनाचीच कसोटी लावा. तिच्यात १८६५० मापाचे सहा सेल असतात, प्रत्येकी ४५ ग्रॅमच्या पुढे, त्यामुळे पूर्ण बॅटरी ३०० ग्रॅमच्या आसपास भरायला हवी. २०० ग्रॅमच्या आत भरली तर आत सहा सेल नाहीत, वर १०००० एमएएच लिहिलेलं असो वा नसो.

विमानानं जाताना सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच, टोकांवर टोपी किंवा चिकटपट्टी लावून. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही आणि एनपी-एफ९७० त्याच्या निम्म्याइतकीही भरत नाही. एनेलूपला ही बंधनं नाहीत, पण ते डबीत बंद करूनच ठेवा. पूर्ण निकामी झालेले सेल कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे मोठ्या इलेक्ट्रॉनिक दुकानांत त्यासाठी पेटी आहे का ते विचारा.